वरची बाजू

फ्रेम उघडली तेव्हा मागून धूळ पडली
आणि एक मेलेली कसर, रुपेरी.
बाहेर कमाटीबागेत मे महिना.
कुलर बंद, कारण दमट हवा कागदाला चालत नाही.
माणसाला चालते.

मी इथे एकतीस वर्षं माउंट कापते.
आधी दांडिया बाजारातून सायकलने यायचे,
मग स्कूटीने, आता रिक्षाने.
या भिंतीवरची सगळी चित्रं मी पाठमोरी ओळखते.

कागद पोस्टकार्डाहून जरासा मोठा.
कुणा डच उस्तादाचा;
म्हणजे उस्ताद तो पुढे झाला,
हे सुईने खरवडलं तेव्हा पोरगेलाच असावा
आणि तांब्याचा दुसरा पत्रा घ्यायला पैसे नसावेत,
म्हणून जिथे जागा तिथे माणूस.

मध्ये एक डोकं, विंचरायचं राहिलेलं. तो स्वतः.
त्याच्या केसांतूनच उगवल्यासारखी एक म्हातारी,
पदर, नव्हे पदर नाही,
त्या देशात बायका डोक्यावरून जे काही घेतात ते
पार भुवयांपर्यंत ओढलेलं.
कडेला भिकारी नवरा-बायको, आडवे.
झोपलेत असं नाही, चांगले चालतायत,
पण भिंतीवरून पाल चालते तसे.
त्यांना उभं करावं तर म्हातारी कोसळते.
आणि खाली कोपऱ्यात
नुसता एक हात:
मनगट आहे, काठी आहे, माणूस नाही.

फाईन आर्ट्सला मी दोन वर्षं होते,
मग वडील गेले आणि ही नोकरी लागली.
तिथे वाळिंबेसर तेजाबाच्या तसराळ्यावर वाकून सांगायचे,
आरशात बघून काढला की चेहरा उलटा,
पत्र्यावरून छापला की परत उलटा,
दोन उलट्यांचं एक सुलट.
तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. कळलं आज.
म्हणजे आरशात त्याला रोज भेटायचा तो हा नव्हे.
हा लोकांनी पाहिलेला.
ओला कागद पत्र्यावरून सोलताना
त्याची याच्याशी पहिली गाठ पडली असणार,
आणि फारसं पटलं नसणार.
भिकारी त्याने त्यानंतर काढले
असं मला वाटतं. पुरावा नाही.

कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने दोन ओळी. मोडीत.
मला येत नाही, परमारभाईंना तर नाहीच.
दफ्तरखान्यातून निवृत्त झालेल्या कारखानीसबाईंना आणवलं.
वय ऐंशीच्या पुढे, चष्म्यावर भिंग,
तांदूळ निवडावेत तसं एकेक अक्षर निवडत बसल्या.
एवढ्या वेळात मी चहा केला, तो निवला.
मग त्यांनी सरकारी आवाजात वाचलं:
"वरची बाजू कोणती ते उमगत नाही.
साहेबांस विचारून टांगणे."

आम्ही हसलो.
परमारभाई आमच्याबरोबर हसले,
आणि मी गुजरातीत सांगितल्यावर पुन्हा, नीट, हसले.

कुणी तरी न विचारताच टांगलं.
तेव्हापासून त्याचा चेहरा सरळ
आणि तो जोडा भिंतीवर आडवा,
शाळांच्या सहली, संस्थान गेलं त्याच्या आधीचे पाहुणे,
विश्वामित्रीला पूर आला त्या वर्षीचा कुबट वास,
सगळं त्यांनी कुशीवरून पाहिलं.
मान तिरकी करून थांबणारा एखादाच.
एक रात्रपाळीचा पहारेकरी होता म्हणतात, सोमा,
तो थांबायचा. त्याची मान मुळातच आखडलेली होती.

नवा बोर्ड कापला.
खिडकीच्या कडा तिरप्या, पाते नवे, हात अजून स्थिर.
चिकटपट्टी लावण्याआधी विचारायला वर गेले,
तर केबिनला कुलूप.

खाली येऊन मोडीच्या त्या दोन ओळी झाकणार नाहीत अशा बेताने
बोर्डाच्या मागे पेन्सिलीने, बाळबोधीत लिहिलं:
"साहेब रजेवर.
तूर्त भिकारी उभे केले आहेत."